टाकीच्या झाकणातले छिद्र : आरेच्या चढावर बंद पडणाऱ्या मोटारसायकलीचा इतिहास

१/ मोटारसायकल व्यवस्थित धावत असते. अचानक ती गुदमरू लागते, दोन-तीन आचके देते आणि बंद पडते. दहा मिनिटे उभी केली की काहीच घडले नसल्यासारखी पहिल्या किकला सुरू होते. चार-पाच किलोमीटरनंतर पुन्हा तेच. या साध्या दिसणाऱ्या बिघाडामागे सुमारे पावणेचारशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आजच्या थ्रेडमध्ये तो पाहू.

२/ माझे मामा गोरेगावला राहतात आणि पवईत रात्रपाळीला जात असत. वाट आरे कॉलनीतून. त्यांची १०० सीसीची जुनी गाडी त्या रस्त्यावर वरचेवर बंद पडू लागली. रात्रीच्या वेळी आरेत थांबणे म्हणजे काय, हे मुंबईकरांना सांगायला नको. दोन्ही बाजूंना झाडी, तुरळक दिवे, आणि बिबट्याचा वावर ही तिथे अफवा नव्हे. मामांनी एक गोष्ट मात्र अचूक टिपली होती : टाकी फुल्ल केली की त्याच फेरीत गाडी हटकून बंद पडते.

३/ यावरून त्यांनी सरळ निष्कर्ष काढला, की पेट्रोलच खराब आहे. पंपावर पेट्रोल भरणाऱ्या पोराशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. मग प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला. तरीही बिघाड कायम. शेवटी घरात गाडी भंगारात काढण्याची भाषा सुरू झाली. निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकला होता. इतिहास वाचणाऱ्यांना ही चूक ओळखीची वाटेल : एकामागून एक घडलेल्या दोन घटनांपैकी पहिली ही दुसरीचे कारण असतेच असे नाही.

४/ आधी या रस्त्याविषयी. १९४० च्या दशकात मुंबईतील म्हशींचे गोठे भर वस्तीत होते. ते शहराबाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरे मिल्क कॉलनी उभी राहू लागली. दारा खुरोडी यांचे नाव या योजनेशी कायमचे जोडलेले आहे. १९६३ मध्ये त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पंडित नेहरूंच्या हस्ते कॉलनीचे उद्घाटन १९५१ मध्ये झाले. आज तोच रस्ता गोरेगाव आणि पवई यांच्यामधील हजारो दुचाकीस्वारांची रोजची वाट आहे. वळणे आणि चढ असल्याने तो इंजिनाची परीक्षाही घेतो.

५/ आता मूळ विषय. कार्ब्युरेटरच्या बहुतेक साध्या मोटारसायकलींत पेट्रोल ढकलणारा पंप नसतो. टाकी वर, इंजिन खाली. पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरते. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट, म्हैसूरची जावा, एस्कॉर्ट्सची राजदूत, सर्वांची रचना हीच. व्यवस्था स्वस्त आणि भरवशाची, पण तिला एक अट आहे : वरून जेवढे पेट्रोल खाली गेले, तेवढी हवा टाकीत आत आली पाहिजे.

६/ खाली उतरलेले पेट्रोल थेट इंजिनात जात नाही. १८९३ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी, आणि त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये डोनात बांकी व यानोश चोंका यांनी, पेट्रोलचा फवारा उडवणाऱ्या कार्ब्युरेटरचे पेटंट घेतले. मायबाख यांच्या रचनेत फ्लोट असलेली छोटी वाटी होती. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत जो बॉल-कॉक असतो, त्याचेच हे तत्त्व. पातळी घसरली की फ्लोट खाली येतो, झडप उघडते. पातळी चढली की झडप बंद होते.

७/ या वाटीतच आपल्या कोड्याचा अर्धा उलगडा आहे. हिशेब करून पाहा. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल आणि लिटरला ४० किलोमीटर देत असेल, तर तिला तासाला १ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल लागते. वाटीत मावते ते थोडे चमचेच. वरून पुरवठा थांबला, तरी गाडी वाटीतल्या शिलकीवर काही क्षण धावते आणि मग गुदमरते. चढावर पेट्रोल जास्त लागते, म्हणून शिल्लक तिथे लवकर संपते. गाडी उभी राहिली की वाटी थेंबाथेंबाने पुन्हा भरते आणि इंजिन सुरू होते.

८/ पण वरून पुरवठा थांबतो का? त्यासाठी १६४३ मध्ये फ्लॉरेन्सला जावे लागेल. एव्हांजेलिस्ता टॉरिचेली यांनी पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. पारा पूर्ण खाली आला नाही. सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीवर थांबला. त्याला तोलून धरणारा होता बाहेरच्या हवेचा दाब. हे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो, एक तेलासाठी आणि दुसरे हवेसाठी. एकच भोक पाडले तर तेल गचके खात येते आणि अडते.

९/ मोटारसायकलीच्या टाकीला असलेले हे दुसरे भोक म्हणजे झाकणातील बारीक छिद्र. ते बुजले तर? टाकीतील पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरपेक्षा साधारण ३० सेंटीमीटर उंच धरू. एवढ्या उंचीच्या पेट्रोलचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम २ टक्के भरतो. म्हणजे टाकीतील हवेचा दाब केवळ २ टक्क्यांनी उतरला, की पेट्रोल जागच्या जागी अडते. एवढ्याशा विरळ हवेने चालती गाडी थांबते.

१०/ आता मामांच्या निरीक्षणाचा अर्थ लागतो. टाकी काठोकाठ भरली की वर हवेला जागा उरते अर्धा लिटर. त्याचे २ टक्के म्हणजे १० मिलिलिटर. इतके पेट्रोल खाली गेले की दाब पुरेसा उतरतो. टाकी अर्धी रिकामी असेल, हवेला ५ लिटर जागा असेल, तर त्यासाठी १०० मिलिलिटर जावे लागते. हा ढोबळ हिशेब आहे. पेट्रोलची वाफ आणि झाकणाच्या रबराशेजारून झिरपणारी हवा यांमुळे प्रत्यक्षात अवधी लांबतो. तरी नियम तोच राहतो : टाकी जितकी भरलेली, तितका बिघाड लवकर. पेट्रोल चांगले की वाईट याचा इथे संबंधच नव्हता.

११/ तपासणी सोपी निघाली. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडले. ‘सुस्स’ असा हवा आत ओढली जाण्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली. झाकणाच्या आतील छिद्रात धूळ, गंज आणि पॉलिशचा घट्ट थर बसला होता. बारीक तारेने आणि हवेच्या झोताने ते मोकळे केले. खर्च शून्य. प्लग, कॉइल आणि दोनदा झालेली सफाई अशीच गेली.

१२/ अर्थात प्रत्येक वेळी दोषी झाकणच असते असे नाही. पेट्रोलच्या वाटेवरचा दुसरा टप्पा म्हणजे कॉक. पेट्रोलचा काटा नसलेल्या गाड्यांत दोन वेगळ्या उंचीच्या तोंडांतून पेट्रोल घेण्याची सोय असे. उंच तोंड म्हणजे ‘ऑन’, तळाशी असलेले म्हणजे ‘रिझर्व्ह’. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते आणि गंजाचे कण तळाशीच साचतात. म्हणून गाडी ‘ऑन’वर नीट आणि ‘रिझर्व्ह’वर मात्र मिसिंग करत असेल, तर संशय टाकीच्या तळावर घ्यावा.

१३/ तिसरा टप्पा पेट्रोलचाच, आणि तो महाराष्ट्राच्या उसाशी जोडलेला आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे भारतातील प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले. त्यांतील दोन ठिकाणे आपली : मिरज आणि मनमाड. २०२२ मध्ये देशात १० टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण हद्दीबाहेर गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीबाबत ही शंका रास्त ठरते. जुन्या रबरी नळ्याही या मिश्रणाने फुगू शकतात. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. बाटलीत पेट्रोल काढून ठेवले की तळाशी वेगळा थर दिसतो का, हे डोळ्यांनी पाहता येते.

१४/ १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके आली आणि नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. टाकीत विजेचा पंप आला. चावी फिरवताच क्षण-दोन क्षण येणारी बारीक घरघर त्याचीच. ती आली नाही तर पंप, फ्यूज किंवा वायर तपासावी. आली तरी फिल्टर तुंबलेला असू शकतो. टाकीला हवा मात्र आजही लागते. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून तिची वाट बऱ्याच गाड्यांत कोळशाच्या डबीतून नेलेली असते. छिद्र गेले नाही, त्याचा पत्ता बदलला.

१५/ म्हणून तपासाचा क्रम पेट्रोलच्या प्रवासाचाच ठेवावा. गाडी बंद पडताच झाकण उघडा. फरक पडला नाही तर प्लग काढून पाहा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असून ठिणगी नसेल, तर कॉइल तापून दगा देत असण्याची शक्यता आहे. ते आजारपण निराळे. जुन्या गाडीत नंतर कॉकची जाळी, नळीतला पीळ, फिल्टर, आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटरची वाटी व नीडल. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही. पेट्रोल काढताना इंजिन गार असावे, आसपास ज्योत वा सिगारेट नसावी.

१६/ या वाटेवरचा प्रत्येक भाग म्हणजे कुणीतरी कधीतरी सोडवलेली एक अडचण आहे. वाटी, कॉक, जाळी, छिद्र. तो भाग का जन्माला आला हे ठाऊक असेल, तर तो बिघडल्यावर काय दिसेल हेही कळते. ठाऊक नसेल, तर सुटे भाग बदलत राहावे लागते आणि दोष भलत्याच माणसावर जातो.

१७/ मामा पुढच्या वेळी पेट्रोल भरायला त्याच पंपावर गेले. त्या पोराला त्यांनी झाकण उघडून छिद्र दाखवले आणि “चूक माझी होती रे” एवढेच म्हणाले. गाडी भंगारात गेली नाही. आता ते निवृत्त आहेत, पण रविवारी सकाळी त्याच गाडीने आरेत फेरफटका मारतात. थ्रेड इथे संपवतो. आपल्या घरातील जुन्या गाडीचे असे एखादे न सुटलेले कोडे असेल, तर जरूर लिहा. पेट्रोलच्या वाटेने मिळून शोधू.