काला, पंगत आणि शाळेचे वनभोजन

शाळेचे वनभोजन हा मराठी बालजीवनातील एक लहानसा, पण दीर्घकाळ टिकून राहिलेला सोहळा आहे. पावसाळा ओसरून शेते पिवळी पडू लागली की गुरुजी एक दिवस ठरवतात, मुले घरून शिदोऱ्या बांधून आणतात, गावाबाहेरच्या एखाद्या ओढ्याकाठी किंवा देवळाच्या आवारात सावली धरून सगळे जेवायला बसतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर निबंध लिहावा लागतो. कार्तिकातील आवळीभोजनाशी या प्रथेचे नाते उघड आहे. आवळ्याच्या झाडाखाली सहकुटुंब जेवण्याचा तो कुलाचार शाळेने आपलासा केला आणि त्यातील पूजाविधी गाळून सहल तेवढी ठेवली. आत्मचरित्रांतून आणि बालसाहित्यातून या प्रसंगाचे वर्णन बहुधा प्रसन्न असते, आणि ते अनेकांच्या बाबतीत खरेही असते. तथापि कोण कोणाजवळ बसला, कोणाच्या डब्यातले कोणी खाल्ले, आणि हे सारे कोणी ठरवले, हे प्रश्न विचारू लागताच या प्रसन्न चित्रात एक रेघ उमटलेली दिसते. त्या रेघेचा इतिहास हा मराठी समाजाच्या शिक्षणाचा इतिहास आहे, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

उघड्यावर, मित्रमंडळींसह जेवण्याचा जो आदर्श मराठी मनात रुजला आहे तो भागवताच्या दशम स्कंधातून आला. त्यातील बाराव्या आणि तेराव्या अध्यायांत कृष्ण वनात न्याहारी करण्याचा बेत करतो, गोपबालक शिंकाळ्यांतून शिदोऱ्या आणतात आणि यमुनेच्या वाळवंटात कृष्णाला मध्ये घेऊन, कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे वलये करून बसतात. ताटे नाहीत, कोणी पानांवर, कोणी फुलांवर, कोणी सालीवर, कोणी दगडावर वाढून घेतो आणि एकमेकांना आपल्या घरच्या अन्नाची चव दाखवतो. भागवतकाराने यज्ञभोक्त्या देवाला येथे पोरांच्या उष्ट्यामाष्ट्यात बसवले आहे, आणि ते पाहून स्वर्गस्थ देवही विस्मित होतात, असे तो सांगतो. वारकरी संप्रदायाने हा प्रसंग उचलला आणि त्याला स्वतःचा शब्द दिला: काला. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरास गोपाळकाला होतो. नामदेव, एकनाथ आणि तुकाराम या साऱ्यांनी काल्याचे अभंग रचले. काला म्हणजे कालवणे, एकत्र करणे. कोणाची शिदोरी कोणती, हे ओळखू येईनासे झाले की काला झाला.

नेमके हेच व्यवहारात घडत नव्हते. एकनाथांनी अस्पृश्याच्या घरी भोजन केल्याची आख्यायिका आहे. चोखोबांबरोबर जेवताना विठ्ठलाच्या पीतांबरावर दही सांडल्याचीही आहे. अशा कथा समाज जपतो त्या बहुधा जे घडत नाही त्याची भरपाई म्हणून. चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेरच राहिली आणि विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले होण्यासाठी 1947 साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले.

काल्याच्या शेजारी मराठी समाजाने दुसरी एक संस्था अधिक निष्ठेने चालवली, ती पंगतीची. पंगत म्हणजे रांग. आणि रांगेला आरंभ असतो, शेवट असतो, तिच्या बाहेर उभे राहणारेही असतात. स्वयंपाकघराच्या भिंतींतून बाहेर पडले की सोवळेओवळे सैल होते, हा समज अर्धाच खरा आहे. प्रवासाची म्हणून जी शिदोरी ठरली तिची घडणच या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पाण्यात शिजलेले वा भिजवलेले धान्य ते खरकटे, म्हणून दूर नेण्याची दशमी दुधात भिजवायची. तळणीचे पदार्थ, लाडू, चिवडा हे त्यामानाने निर्वेध. पाण्यात मळून तव्यावर भाजलेली भाकरी मात्र या प्रतिष्ठेला कधी पोचली नाही. अर्थात दशमी टिकते म्हणूनही ती प्रवासाला नेत, हे विसरून चालणार नाही. पण टिकण्याची सोय आणि शुद्धीची सोय या दोन्ही एकाच पदार्थात इतक्या बेमालूम मिसळल्या आहेत की, घरातले नियम मुलाच्या डब्यातून झाडाखालीही पोचत, आणि त्याला त्याचा पत्ताही नसे.

सार्वजनिक शाळा आली तेव्हा हा डबा वर्गात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रकारांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक प्रसंग नोंदवला आहे. गणित सोडवण्यासाठी शिक्षकांनी भीमरावांना फळ्याकडे बोलावताच सवर्ण मुले धावत पुढे गेली. फळ्यामागे त्यांचे डबे ठेवलेले होते आणि ते विटाळतील अशी त्यांना धास्ती वाटली. डबे बाजूला सारल्यानंतरच त्या विद्यार्थ्याला फळ्यापर्यंत पोचता आले. सरकारी शाळा, इंग्रजी शिक्षण, मुंबईसारखे शहर. यांपैकी कशानेही तो डबा निधर्मी झाला नव्हता. हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा होता असेही नाही. तमिळ प्रदेशात शेरमादेवी येथील राष्ट्रीय गुरुकुलात ब्राह्मण मुलांची पंगत वेगळी बसवली जाते, हे उघडकीस आल्यावर 1924-25 च्या सुमारास मोठा वाद पेटला. राष्ट्रीय चळवळीच्या पैशावर चालणाऱ्या शाळेतले ते दुजेपण पेरियार रामस्वामींच्या काँग्रेसपासून दूर जाण्याच्या कारणांपैकी एक ठरले. स्वराज्याचे भवितव्य शाळेच्या जेवणघरात अडखळते, हे त्या वेळी अनेकांच्या ध्यानी आले.

महाराष्ट्रात ते आधीच ध्यानी आलेल्या माणसाचे नाव भाऊराव पाटील. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगात राहत. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्‌घाटनास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. स्नान न करता जेवायला बसणे हा त्या तरुणाचा पहिला शैक्षणिक प्रयोग म्हणावा लागेल. शाहू महाराजांनी कोल्हापुरात विविध जातींसाठी वसतिगृहे काढली. त्या काळी तो मोठा पुढाकार होता, पण तेथे प्रत्येक जातीची चूल वेगळी राहिली. 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊरावांनी साताऱ्यात 1924 मध्ये जे वसतिगृह काढले, त्यात चूलच एक केली. सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाकात हात लावत आणि एकत्र जेवत. अडचणीच्या दिवसांत मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील दिले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. 1927 मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली तेव्हा त्यास शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

याच सुमारास सहभोजनाची चळवळ शहरांतून चालू होती. रत्नागिरीत सावरकरांनी आणि पुढे 1940 च्या दशकात अनंत हरि गद्रे यांनी आपल्या झुणकाभाकर उपक्रमांतून ती लोकांपुढे आणली. गद्र्यांनी मुद्दाम झुणकाभाकर निवडली यात मर्म आहे. लाडूची पंगत केली असती तर तिचा अर्थ निराळा झाला असता. तरीही सहभोजन हा एका दिवसाचा समारंभ होता. त्याची बातमी होई, त्याचा निषेध होई, आणि संध्याकाळी प्रत्येकजण आपापल्या चुलीकडे परते. साताऱ्याच्या वसतिगृहात दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच चुलीवर भाकरी थापावी लागे. या दोहोंतील भेद चळवळींच्या इतिहासकारांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि गावोगावी शाळा पोचल्या. वनभोजनेही त्यांच्याबरोबर पोचली. त्यांतील एक मराठी साहित्यात कायमचे नोंदले गेले ते शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ या 1984 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाच्या आरंभी. लेखकाचा जन्म 1956 चा. म्हणजे तो प्रसंग घटना लागू झाल्यानंतरच्या काळातला. स्थळ सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोटचा परिसर, जेथे मराठी आणि कन्नड एकमेकींत मिसळतात. शाळेची सहल निघते. वाणी, ब्राह्मण, मराठा आणि इतर जातींची मुलेमुली वडाच्या झाडाखाली वर्तुळ करून बसतात, शिक्षकही त्यांच्यात असतात. महारांच्या मुलांना दुसऱ्या झाडाखाली बसवले जाते. तिकडे लाडू-चिवडा, करंज्या. इकडे भाकरीचे तुकडे. जेवणे झाल्यावर तिकडचे उरलेले अन्न कागदावर गोळा करून इकडच्या मुलांना दिले जाते आणि ती मुले त्या गाठोड्यावर तुटून पडतात.

समीक्षकांनी या प्रकरणाची चर्चा बहुधा भुकेच्या अंगाने केली, आणि पुस्तकात भूक आहेच. परंतु तेथे आणखी एक गोष्ट घडते. वडाखालच्या मुलांनी वर्तुळ केले आहे. ते एकमेकांचे पदार्थ चाखत आहेत. म्हणजे काला तेथे यथासांग चालू आहे. काल्याचे वलय अभंग ठेवण्यासाठीच दुसरे झाड लागते. काल्याच्या परंपरेवर लिहिणाऱ्यांनी त्या दुसऱ्या झाडाची दखल घेतलेली नाही, आणि ही उणीव मराठी समीक्षेची आहे. त्यातही योगायोग असा की, वटवृक्ष हे रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह. एकाच झाडाचे असे दोन अर्थ साताऱ्यात आणि सोलापूर जिल्ह्यात लावले गेले. फरक झाडाचा नव्हता. मुलांनी कोठे बसावे हे कोणीतरी मोठ्या माणसाने ठरवले होते. वनभोजनाची व्यवस्था ज्याला म्हणतात, ती हीच.

पुढे या व्यवस्थेत शासन उतरले. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्राची शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. अनेक राज्यांत, महाराष्ट्रातही, आरंभी मुलांना घरी न्यायला कोरडे धान्यच मिळे. धान्य घरी गेले की पंगतीचा प्रश्नच उद्भवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला, तेव्हा व्हरांड्यांतून आणि झाडांखालून पुन्हा रांगा मांडल्या गेल्या. कर्नाटकाने आपल्या योजनेला ‘अक्षर दासोह’ असे नाव दिले. दासोह हा बाराव्या शतकातील कल्याणच्या शरणांचा शब्द; कायकाने मिळवावे आणि दासोहाने सर्वांत वाटावे, ही त्यांची शिकवण. 2002 मध्ये राज्याच्या ईशान्येकडील जिल्ह्यांत आरंभ झालेली ही योजना पुढे थेट म्हैसूरपर्यंत पोचली. बसवण्णांचे कल्याण आणि लिंबाळ्यांचे अक्कलकोट यांत फार अंतर नाही.

अन्न एकाच पातेल्यातले झाल्यावर वाद सरकला तो पातेल्यापाशी उभ्या असलेल्या बाईकडे. दलित स्वयंपाकिणीने रांधलेले मुलांनी खाऊ नये, असा हट्ट देशाच्या निरनिराळ्या भागांतील पालकांनी धरल्याच्या बातम्या येत राहिल्या. 20 एप्रिल 2004 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे असे म्हटले. साताऱ्याच्या वसतिगृहात ऐंशी वर्षांपूर्वी जी गोष्ट एका माणसाच्या हट्टाने साधली, ती आता न्यायालयाच्या लेखी आदेशाने साधायची होती.

‘अक्करमाशी’तला मुलगा सहलीहून घरी येतो आणि आईला सारे सांगतो. त्यातले थोडे माझ्यासाठी का आणले नाहीस, असे ती विचारते. दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. बाकीची मुले लिहू लागतात. त्याला सुरुवात करता येत नाही.