भुतेखेते (समकालीन मराठी कथाविश्वातील)

मुंजा, हडळ, वेताळ, झोटिंग, खवीस ही लोकसमजुतीतील मंडळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील भयकथेत आणि पुढे पडद्यावर आली. मराठी भयकथेला हक्काचा वाचक मिळवून दिला तो प्रामुख्याने नारायण धारप (१९२५–२००८) यांनी. त्यांच्या कथांतील नायक 'समर्थ' अमानवी शक्तींशी झुंजतात. 'लुचाई' या कादंबरीत तर स्टीफन किंगचा रक्तपिपासू त्यांनी मराठी मातीत असा रुजवला की तो परका वाटत नाही. रत्नाकर मतकरींच्या (१९३८–२०२०) गूढकथांत भुतापेक्षा माणसाच्या मनाची भीती अधिक वाटते.

'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटातला तात्या विंचू बाहुल्यात शिरला आणि घराघरांत पोहोचला. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटातील हस्तर लोकपरंपरेत नाही. तो चित्रपटानेच घडवलेला आहे. वाड्याच्या पोटात उतरायचे, कणकेची बाहुली दाखवून त्याला भुलवायचे आणि तेवढ्यात त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा काढून घ्यायच्या, हा जीवघेणा उद्योग पिढीजात चालतो. बापाची हाव भागत नाही; शेवटी मुलगाच ती नाकारतो. हावेचे इतके ठसठशीत रूप आपल्या भयकथेत दुसरे नाही.

आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' (२०२४) हा हिंदी चित्रपट मात्र थेट कोकणातल्या समजुतीवर उभा आहे: मुंज झालेला, पण लग्नाआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो आणि अपुरी इच्छा पुरी करायला माणसे धरतो. या भुतांची मागणी ओळखीची असते, म्हणून शहरी प्रेक्षकालाही ती आपलीशी वाटतात.