व्हिल्नियस ते टालिन : एका रस्त्याचा इतिहास

लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया या तीन शेजारी देशांचा प्रवास आखावयाचा असे आमच्या पाचजणांच्या अभ्यासगटाने ठरविले, तेव्हा प्रवाससंस्थेतील तरुणाने पहिला प्रश्न विचारला तो आगगाडीचा. युरोप म्हणजे आगगाडी, ही आपल्याकडची रूढ समजूत आहे, आणि पॅरिस किंवा म्यूनिकच्या संदर्भात ती चुकीचीही नाही. परंतु व्हिल्नियस, रिगा आणि टालिन या तीन राजधान्यांना जोडणारे वेळापत्रक पाहू लागल्यावर असे आढळले की, येथे खरा प्रवास बसचा आहे. व्हिल्नियस ते रिगा सुमारे तीनशे किलोमीटर, रिगा ते टालिन साधारण तेवढेच. प्रत्येक टप्प्याला चार-साडेचार तास. दिवसाकाठी अनेक बसगाड्या सुटतात. आगगाडी मात्र व्हिल्नियस आणि रिगा यांच्या दरम्यान पुन्हा सुरू झाली ती २०२३ च्या डिसेंबरमध्ये, आणि रिगाहून टालिनला रुळावरून जावयाचे तर वाटेत गाडी बदलल्यावाचून गत्यंतर नाही. एकमेकांस लागून असलेल्या तीन देशांच्या बाबतीत असे का व्हावे, हा प्रश्न वेळापत्रकाचा नसून इतिहासाचा आहे.

या प्रदेशातील लोहमार्ग घातले गेले ते झारच्या साम्राज्यकाळात. रिगा ते ड्यूनाबुर्ग (आजचे डाउगाव्हपिल्स) हा मार्ग १८६१ साली, व्हिल्नियसवरून जाणारा सेंट पीटर्सबर्ग-वॉर्सा मार्ग १८६२ साली, आणि टालिनला पीटर्सबर्गशी जोडणारा मार्ग १८७० साली पूर्ण झाला. या रेषा नकाशावर बोटाने गिरवून पाहाव्यात. त्यांचे तोंड राजधानीकडे आणि बंदरांकडे आहे. धान्य, ताग आणि सैन्य यांची ने-आण हा त्यांचा हेतू होता. रिगाच्या माणसाने टालिनच्या माणसाला भेटावे यासाठी त्या घातलेल्या नव्हत्या. रुळांमधील अंतरही रशियन, म्हणजे १५२४ मिलिमीटर. पश्चिम युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या रुळांशी त्याचा मेळ बसत नाही. सोव्हिएत काळात तिन्ही राजधान्यांमधून थेट गाड्या धावत असत, हे खरे. स्वातंत्र्यानंतर त्या एकेक करून बंद पडल्या. त्यामागे आर्थिक कारणे होती. तथापि केवळ तीच होती असे मला वाटत नाही. जून १९४१ मध्ये आणि पुन्हा मार्च १९४९ मध्ये याच रुळांवरून मालवाहू डब्यांत कोंबून माणसे सैबेरियाकडे नेण्यात आली. एकट्या मार्च १९४९ च्या मोहिमेत तिन्ही देशांतून हद्दपार झालेल्यांची संख्या नव्वद हजारांहून अधिक होती, आणि त्यांत स्त्रिया व मुले यांचा भरणा मोठा होता. रिगाच्या टोर्न्याकाल्न्स स्थानकाजवळ तसला एक डबा स्मारक म्हणून उभा केलेला आहे. आमच्या आखणीत आगगाडी नसली, तरी हा डबा आहे.

मात्र शेजारधर्माचे फार गोड चित्र रंगविण्याचेही कारण नाही. १९१८ मध्ये हे तिन्ही देश स्वतंत्र झाले, आणि पुढील दोन वर्षांतच सीमांचे तंटे उभे राहिले. व्हिल्नियस १९२० पासून १९३९ पर्यंत पोलंडच्या ताब्यात होते. लिथुआनियाने कौनास ही तात्पुरती राजधानी केली, आणि १९३८ पर्यंत या दोन देशांमध्ये राजनैतिक संबंधच नव्हते. लाटव्हिया आणि एस्टोनिया यांच्यात एका गावावरून वाद होता. त्याचे एस्टोनियन नाव वाल्गा, लाटव्हियन नाव वाल्का. टॅलेंट्स या ब्रिटिश कर्नलने १९२० साली निवाडा देऊन गावातूनच सीमा आखली. सोव्हिएत अमलाखाली ती रेषा निव्वळ कागदावर उरली, १९९१ नंतर पुन्हा नाके उभे राहिले, आणि २१ डिसेंबर २००७ रोजी हे देश शेंगेन व्यवस्थेत आल्यावर ते निघाले. आता तेथील माणूस भाजी आणावयास पायी परदेशी जातो.

रस्त्याचा खरा इतिहास घडला तो २३ ऑगस्ट १९८९ रोजी. त्या दिवशी मोलोटोव्ह-रिबेन्ट्रॉप कराराला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. त्या करारातील गुप्त कलमांनी पूर्व युरोपची वाटणी केली होती, आणि अशी कलमे होती हेच मॉस्को तोवर नाकारीत आले होते. टालिनच्या हेर्मान बुरुजापासून व्हिल्नियसच्या गेदिमिनास बुरुजापर्यंत, सहाशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या वाटेवर माणसे हातात हात घालून उभी राहिली. त्यांची संख्या सुमारे वीस लाख होती, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. तिन्ही देशांची तेव्हाची एकूण लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आतबाहेर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. सायंकाळी सात वाजता पंधरा मिनिटे ही साखळी अखंड राहिली. वर्णनांतून या घटनेचे काव्य पुष्कळ आले आहे. मला तिच्या व्यवस्थेचे अधिक कुतूहल वाटते. कोणत्या गावच्या लोकांनी रस्त्याचा कोणता तुकडा धरावयाचा याची वाटणी झालेली होती. सूचना रेडिओवरून दिल्या जात होत्या. आणि ज्यांच्यापाशी मोटार नव्हती, त्यांना रस्त्यावर नेऊन सोडण्यासाठी विनामूल्य बसगाड्या ठेवलेल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या महासभेने गुप्त कलमांचे अस्तित्व मान्य करून त्यांचा निषेध केला.

येथेच आमच्या आखणीत अडचण उत्पन्न झाली. व्हिल्नियस ते रिगा हा बसचा मार्ग आणि साखळीचा मार्ग बहुतांशी एकच आहे : उकमर्गे, पानेव्हेझिस, पास्वालिस, आणि सीमा ओलांडल्यावर बाउस्का. परंतु रिगाच्या पुढे दोघांची फारकत होते. बस ‘व्हिया बाल्टिका’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हमरस्त्याने, समुद्राच्या कडेने, पार्नूवरून टालिनला जाते. १९८९ ची साखळी मात्र आतल्या भागातून, वाल्मिएरा आणि रुयिएनावरून एस्टोनियात शिरून व्हिलियांदीमार्गे गेली होती. म्हणजे थेट बसचे तिकीट काढणारा प्रवासी त्या दिवसाच्या वाटेचा अर्धाच भाग पाहतो, आणि त्याला ते ठाऊकही नसते. गटात यावर बरीच चर्चा झाली. किनाऱ्याच्या रस्त्याचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणेही पोकळ नव्हते. त्या वाटेवर आइनाझी आहे, जेथे १८६४ साली पहिली लाटव्हियन नाविक शाळा निघाली. पार्नू आहे, जेथील नाट्यगृहाच्या सज्जातून २३ फेब्रुवारी १९१८ रोजी एस्टोनियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रथम वाचला गेला.

साहित्याच्या अभ्यासकाला या रस्त्याचे आणखी एक आकर्षण आहे, ते भाषेचे. फ्रान्झ बोपने १८३३ पासून प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक व्याकरणात संस्कृतच्या शेजारी लिथुआनियनला स्थान दिले होते. आपल्या ‘सूनु’ला लिथुआनियनमध्ये ‘सूनुस’, ‘अवि’ला ‘आविस’, ‘दन्त’ला ‘दान्तिस’. बसच्या खिडकीतून एकच शब्द धरून बसावे : अग्नी लिथुआनियात ‘उग्निस’ असतो, लाटव्हियात ‘उगुन्स’ होतो, आणि एस्टोनियाची सीमा ओलांडताच एकदम ‘तुली’ होतो, कारण एस्टोनियन ही फिनिशच्या कुळातील भाषा आहे. या आप्तसंबंधाचा भारतीय दृष्टीने साकल्याने विचार केला तो सुनीतिकुमार चतर्जी यांनी. त्यांचा ‘बाल्ट्स अँड आर्यन्स’ हा ग्रंथ सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेने १९६८ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी ते साहित्य अकादेमीचे अध्यक्ष झाले. आपल्या विद्यापीठांतून तो ग्रंथ आज क्वचितच उघडला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

या भाषांना आपली लिपी आणि आपली गाणी सांभाळण्यासाठी केवढी किंमत मोजावी लागली, ते याच वाटेवर समजते. १८६४ पासून १९०४ पर्यंत झारच्या शासनाने लॅटिन लिपीतील लिथुआनियन मुद्रणावर बंदी घातली होती. पुस्तके पूर्व प्रशियात छापली जात आणि ग्रंथवाहक ती पाठीवर बांधून रात्री सीमेपलीकडून आणीत. पानेव्हेझिसच्या परिसरात अशा ग्रंथवाहकांचे एक संघटित मंडळच काम करीत होते. पकडले गेल्यास हद्दपारी ठरलेली असे. लाटव्हियात क्रिश्यानिस बारोन्स यांनी ‘दाइना’ या लोकगीतांचा संग्रह १८९४ ते १९१५ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केला. त्यातील गीतांची संख्या २,१७,९९६ आहे. चार ओळींची ही गीते बव्हंशी स्त्रियांच्या तोंडची आहेत, आणि जात्यावरच्या ओवीत वाढलेल्या कानाला ती परकी वाटत नाहीत. ज्या कपाटाच्या खणांतून बारोन्स यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, ते कपाट आज रिगाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. या ग्रंथालयाची नवी वास्तू दाउगावा नदीच्या पलीकडे बांधली गेली, तेव्हा १८ जानेवारी २०१४ रोजी सुमारे चौदा हजार माणसे गोठविणाऱ्या थंडीत जुन्या वास्तूपासून नव्यापर्यंत रांगेत उभी राहिली आणि त्यांनी पुस्तके हातोहात पलीकडे पोचविली. ऐंशीच्या दशकाअखेरची साखळी ज्यांनी पाहिली होती, त्यांना हे कोणी शिकवावे लागले नसेल.

तांत्रिक बाबी आता सोप्या झाल्या आहेत. नव्वदच्या दशकात हाच प्रवास करणाऱ्यास लितास, लाट्स आणि क्रोन अशी तीन चलने खिशात बाळगावी लागत. एस्टोनियाने २०११ मध्ये, लाटव्हियाने २०१४ मध्ये आणि लिथुआनियाने २०१५ मध्ये युरो स्वीकारला. भारतीय प्रवाशास एकच शेंगेन व्हिसा पुरतो. ज्या देशात मुक्काम अधिक त्याच्याकडे अर्ज करावयाचा. मुक्काम सारखाच असेल तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. युरोपीय मापाचा नवा लोहमार्गही वॉर्सापासून टालिनपर्यंत बांधला जात आहे. तो पुरा झाल्यावर कदाचित प्रवाससंस्थेतील त्या तरुणाचे म्हणणे खरे ठरेल.

अखेर आम्ही लाटव्हियातील मुक्काम एका दिवसाने वाढविला, आणि त्यामुळे व्हिसाचा अर्जही त्याच देशाकडे करावा लागला. व्हिल्नियसच्या कॅथीड्रल चौकात साखळीचे टोक दाखविणारी एक फरशी आहे, तेथून आरंभ. रिगापर्यंत थेट बस. तेथून स्थानिक गाड्यांनी टप्प्याटप्प्याने वाल्मिएरा आणि वाल्का. वाल्का साखळीच्या वाटेवर नव्हते, पण तेथे सीमा पायी ओलांडता येते. पुढे एस्टोनियात व्हिलियांदी गाठून पुन्हा जुन्या वाटेला लागावयाचे. किनाऱ्याचा रस्ता परतीसाठी ठेवला आहे.