जुन्या बाइकच्या ईसीयूची कुळकथा

जुनी, इंजेक्शनवाली मोटारसायकल बंद पडते तेव्हा अनेकदा इंजिन ठणठणीत असतं. टाकीत पेट्रोल आहे, प्लग नवे आहेत, स्टार्टर जोरात फिरतोय. पण इंजेक्टर उघडतच नाहीत. दोष असतो सीटखालच्या डब्यात, म्हणजे इंजेक्टरांना हुकूम देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ईसीयूत. सिंगापूरच्या दमट हवेत तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर डब्याच्या पिना गंजतात, कपॅसिटर सुकतात, सोल्डरला चिरा जातात. कंपनीनं तो डबा बनवणं कधीच बंद केलेलं असतं. मग त्याच्या जागी बसवायचं काय? हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. डबा जन्मला तेव्हापासून तो त्याच्यासोबत आहे.

या घराण्याचा मूळपुरुष अमेरिकन. बेंडिक्स कंपनीनं १९५७ साली इलेक्ट्रोजेक्टर ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची यंत्रणा जाहीर केली आणि १९५८ मध्ये ती क्रायस्लरच्या मोजक्या मोटारींवर बसलीही. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखालची उष्णता आणि हादरे सोसेनात. बहुतेक मोटारींवरून ती उतरवून पुन्हा कार्ब्युरेटर चढवावे लागले. बेंडिक्सची पेटंटं पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेली. ट्रान्झिस्टर सुधारले, अमेरिकेत धुराचे नियम कडक होऊ लागले आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर बॉशची डी-जेट्रॉनिक आली. सत्तरच्या दशकात तिच्या पाठोपाठ एल-जेट्रॉनिक आली. तिच्यात हवेच्या वाटेत एक झडप असे. झडप जेवढी ढकलली जाईल, त्या हिशेबानं पेट्रोल.

कार्ब्युरेटरकडे परत जाण्याचा प्रकार पुढे भारतातही घडला. आकुर्डीच्या बजाजनं २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय आणली आणि २००९ मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटर लावून, किंमत उतरवून पुन्हा बाजारात आणली. २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले आणि तो परतीचा रस्ता जवळपास बंद झाला.

मोटारसायकलवर हा डबा आधी कावासाकीनं आणला. १९८० च्या झेड-१००० एच वर एल-जेट्रॉनिकच्याच कुळातली यंत्रणा होती. १९८२ मध्ये कावासाकीची जीपीझेड-११०० डिजिटल झाली, त्याच साली होंडाची सीएक्स-५०० टर्बो आली आणि १९८३ मध्ये बीएमडब्ल्यूनं के-१०० वर बॉशची एलई-जेट्रॉनिक बसवली. के-१०० चा डबा ॲनालॉग. त्यात प्रोग्रॅम नाही. रेझिस्टर-कपॅसिटरच्या जुळणीतच सगळा हिशेब. मेलेला भाग शोधा, बदला, डबा परत उभा. सिंगापुरात याची सोय चांगली. जलान बसारवरच्या सिम लिम टॉवरमध्ये सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांची दुकानं आहेत, आणि ज्याला सोल्डरिंग येतं त्याला तिथं लागेल ते बरंचसं मिळतं.

खरी पंचाईत डिजिटल डब्यांची. १९८७ मध्ये डुकाटीची ८५१ आली, मासिमो बोर्दी यांच्या पाण्यानं थंड होणाऱ्या, चार व्हॉल्व्हच्या इंजिनाची. तिचा डबा वेबर-मारेल्लीचा. त्याच साली आलेल्या फेरारी एफ-४० वरही याच घराण्यातली यंत्रणा होती. या डब्यानं हवा मोजणंच सोडून दिलं. थ्रॉटल किती अंश उघडलाय आणि इंजिनाचे फेरे किती, एवढंच तो पाहतो आणि एक तक्ता उघडतो. आडव्या रांगेत फेरे, उभ्या रांगेत थ्रॉटलचा कोन, आणि जिथं दोन्ही मिळतात त्या घरात एक आकडा: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा. पंचांगात जसं गणित आधीच करून ठेवलेलं असतं आणि आपण फक्त पान काढतो, तसंच हे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो आणि चार स्ट्रोकचं पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत. तेवढ्यात पान काढायचं, हवा आणि इंजिन किती तापलंय ते पाहून थोडी दुरुस्ती करायची, इंजेक्टर उघडायचा आणि मिटायचा.

तो तक्ता राहतो ईप्रॉम चिपमध्ये. ही चिप इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये घडवली. डबा उघडला की ती लगेच ओळखू येते: काळी किंवा करडी, दोन्ही बाजूंना पायांच्या रांगा, मधोमध काचेची गोल खिडकी आणि त्या खिडकीवर कागदी लेबल. लेबल शोभेचं नाही. खिडकीतून अतिनील प्रकाश आत गेला की आकडे पुसले जातात. खास दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटांत चिप कोरी होते. प्रकाश लागला नाही तरी आत साठवलेला विद्युतभार वर्षानुवर्षं हळूहळू झिरपत राहतो. म्हणून जुन्या डुकाटीचा डबा हातात येताच, गाडी चालू असली तरीही, चिप रीडरमध्ये घालून आकडे उतरवून घ्यावेत. टेस्ट बेंचवर इंजिन तासन्‌तास पळवून कुणीतरी ते एकेक जुळवलेले असतात. ट्रान्झिस्टर बाजारात मिळेल. हे आकडे कोणत्याच दुकानात मिळायचे नाहीत.

अशा चिपा बनवणाऱ्यांपैकी एका कंपनीचं सिंगापूरशी जुनं नातं आहे. इटलीच्या एसजीएसनं १९६९ मध्ये तोआ पायोहला जुळणीचा कारखाना काढला आणि १९८४ मध्ये आंग मो कियोला चिपा घडवणारी वेफर फॅब उभारली. १९८७ मध्ये, म्हणजे ८५१ च्याच साली, ती फ्रेंच थॉमसनच्या सेमीकंडक्टर विभागाशी एकत्र होऊन एसजीएस-थॉमसन झाली. आजची एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स तीच.

डबा पूर्णच गेला असेल, तर नवा, स्वतः प्रोग्रॅम करता येणारा बसवायचा. ही वाट २००१ मध्ये ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकनांच्या मेगास्क्वर्टनं रुंद केली. सुटे भाग मागवा, बोर्ड स्वतः जुळवा, तक्ता लॅपटॉपवर भरा. त्याचंच छोटं भावंड मायक्रोस्क्वर्ट बाइकच्या सीटखाली सहज मावतं. या माणसांचे उपकार फार मोठे आहेत. एरवी किती गाड्या भंगारात गेल्या असत्या!

काम मात्र नाजूक. इंजेक्टरचा रोध आधी मोजावा. १२ ते १६ ओहम असेल तर ठीक. २-३ ओहमचा असेल आणि मध्ये रेझिस्टर घातला नाही, तर नव्या डब्याचे ट्रान्झिस्टर पहिल्याच दिवशी जळू शकतात. क्रँकच्या सेन्सरच्या दोन वायरी उलट लागल्या, तर इंजिन सुरू होतं, पण फेरे वाढले की टायमिंग घसरतं आणि माणूस आठवडाभर भलतीकडेच शोधत बसतो. जुना रेग्युलेटर-रेक्टिफायर बदलल्याशिवाय नवा डबा लावूच नये; व्होल्टेज बेसुमार चढलं तर तोही जुन्याच्या वाटेनं जातो.

एवढं झालं की तपासणी केंद्र. सिंगापुरात तीन वर्षांवरच्या मोटारसायकलला दरवर्षी तपासणी असते आणि सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड मोजला जातो. वेबर-मारेल्लीच्या डब्यात त्यासाठी एक छोटा ट्रिमर होता, के-१०० ला हवेच्या मीटरवर स्क्रू. नव्या डब्यात आयडलिंगची चार-सहा घरं हातानं बसवावी लागतात, तीही गाडी पुरती तापल्यावर.

यापुढची अडचण कोणत्याच डब्यानं सुटणारी नाही. १ जुलै २००३ पूर्वी नोंदलेल्या मोटारसायकली ३० जून २०२८ नंतर सिंगापूरच्या रस्त्यावर चालवता येणार नाहीत. सूट आहे ती क्लासिक आणि व्हिंटेज योजनांतल्या गाड्यांना, आणि क्लासिकसाठी गाडी किमान ३५ वर्षांची लागते. १९८३ ची के-१०० किंवा १९८८ ची ८५१ वयाच्या अटीत बसते. पण १९९३ नंतरच्या डुकाटी ९१६ सारख्या गाड्या २०२८ मध्ये पस्तिशी गाठत नाहीत. ईप्रॉमवाल्या डब्यांचा भर याच पिढीवर होता. या गाड्या देशाबाहेर गेल्या किंवा मोडीत निघाल्या, तरी त्यांच्या चिपांमधले आकडे आजच्या आज उतरवून ठेवता येतात. रीडर स्वस्त आहे आणि काम दहा मिनिटांचं.