यंत्राच्या पोटातले यंत्र

एका संगणकात दुसरा संगणक चालवण्याची कल्पना जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएमच्या केंद्रात १९६०च्या दशकात ‘सीपी-४०’ ही प्रणाली तयार झाली. एकाच अवाढव्य यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतंत्र यंत्राचा भास देई. १९७२मध्ये ‘व्हीएम/३७०’ आली. इंटेलच्या प्रोसेसरची घडण या युक्तीला सोयीची नव्हती. ती अडचण ओलांडून ‘व्हीएमवेअर’ने १९९९मध्ये ही सोय टेबलावरच्या संगणकावर आणली.

मराठीच्या अभ्यासकाला याचे काय? नव्वदच्या दशकात आपली अक्षरजुळणी संगणकावर गेली, पण प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी निराळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती. विंडोजने मात्र तिला ‘विंडोज २०००’मध्ये जागा दिली. तोवरच्या फायली आज उघडल्या, तर रोमन अक्षरांचा नुसता काला दिसतो.

म्हणून मी आभासी यंत्रात विंडोज ९८ बसवतो. एका मोठ्या फायलीला हार्डडिस्क मानायचे, सीडीच्या प्रतिमेवरून प्रणाली चढवायची, मेमरी त्या काळाला साजेशी, थोडीच द्यायची. मग जुना फॉन्ट आणि अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम घालायचा. एवढे जमले की तोच काला मराठी होऊन समोर येतो.

मोडी वाचणारे घटले तेव्हा दप्तरे मुकी झाली, तरी कागद शिल्लक होता. येथे फाईल हाच कागद आहे. ती वाचणारे यंत्र जपणे हेही आता दप्तर सांभाळण्याचेच काम आहे.