फाल्गुनातले लेणे

जपानात वसंतात चेरी फुलली की माणसे बुद्धमंदिरांच्या आवारात फुले पाहावयास जातात. आपल्या वऱ्हाडात फाल्गुनात पळस पेटतो. तेव्हा अकोल्याहून जळगावची गाडी धरावी, पुढे एस. टी.ने अजिंठा गाठावा. ते स्थान आपल्याला परके नव्हे. ५ व्या शतकात वत्सगुल्माहून, म्हणजे आपल्या वाशीमहून, राज्य करणाऱ्या वाकाटक हरिषेणाचा मंत्री वराहदेव. त्याने १६ वे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले. शिलालेखात राजवंश आहे, मंत्र्याची थोरवी आहे. कातळ फोडणाऱ्या पाथरवटांचे मात्र, जेवढे वाचता येते तेवढ्यात, एकही नाव नाही. (हा हिशेब आम्हा कामगारांना नवा नाही!) म्हणून २४ वे लेणे अवश्य पाहा. ते अपुरेच राहिले. छिन्नीचे घाव अजून भिंतीवर तसेच आहेत.