परळची न झाडलेली गोदामं

गिनीपिगची जोडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो: पिंजरा साफ करायचा कधी आणि कसा? भुसा ओला झालेला असतो, खोलीत वास भरलेला असतो आणि आपण हात आत घातला की दोघंही कोपऱ्यात श्वास रोखून बसतात. या घरगुती प्रश्नाच्या मागे मुंबईचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक इतिहास आहे. परळला सरकारी शास्त्रज्ञांनी शेकड्यानं गिनीपिग वापरले, आणि त्यांना ज्या गोदामांत ठेवलं ती कधीच झाडली नाहीत. त्या घाणीतून जे सिद्ध झालं, ते मुंबईच्या गरीब माणसाच्या बाजूचं होतं.

पण आधी हा प्राणी. त्याचा गिनीशी संबंध नाही आणि डुकराशी तर नाहीच. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, खाण्यासाठी. क्वेचुआ भाषेत त्याचं नाव ‘कुई’, त्याच्या आवाजावरून पडलेलं असावं असंच ऐकताना वाटतं. पेरू-बोलिव्हियातल्या खेड्यांत तो पिंजऱ्यात नसायचा, सरळ स्वयंपाकघरात मोकळा फिरायचा. चुलीची ऊब, भाजीची देठं, ओला चारा, लपायला भिंतीकडेच्या खाचा. साफसफाई म्हणजे घरातल्या बाईनं जमीन झाडायची आणि लेंड्या खत म्हणून शेतात टाकायच्या. प्राणी जागेवरून हलवायचा प्रश्नच नव्हता. केरसुणी आली की तो बाजूला पळायचा आणि पुन्हा आपल्या कोपऱ्यात यायचा. आपण आज ज्याला ‘ताण न देता सफाई’ म्हणतो, ती तिथे आपोआप होत होती. (पुढे तोच प्राणी सणाला पानात यायचा, हेही सांगायला हवं. उगाच हळवं व्हायला नको.)

सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात पोचला आणि श्रीमंतांच्या मुलांचं खेळणं झाला. मग विज्ञानानं त्याला उचललं. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फानं वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगाच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं. दहा तासांत तेरा औंस. श्वास घेणं म्हणजे एक प्रकारचं संथ जळणंच, हे त्यातून त्यांनी मांडलं. पुढच्या शंभर वर्षांत घटसर्प, क्षय असे रोग या प्राण्याच्या अंगावर अभ्यासले गेले आणि इंग्रजीत त्याच्या नावाचा अर्थच ‘ज्याच्यावर प्रयोग होतो तो’ असा झाला.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. उंदीर पडू लागले, मग माणसं पडू लागली. सरकारचा सिद्धान्त ठरलेला होता: रोग घाणीत आहे, घाण गरिबाच्या घरात आहे, म्हणून घर साफ करा. सामान रस्त्यावर काढलं गेलं, अंथरुणं जाळली गेली, उजेड यावा म्हणून छपरांना भोकं पाडली गेली, भिंती-जमिनी जंतुनाशकानं धुतल्या गेल्या. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरं रंगवली गेली. पुण्यात याच मोहिमेतल्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ ला रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. इतकं सगळं धुऊनही प्लेग हटेना. दर हिवाळ्यात तो परत यायचा.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं होतं. त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन हा लष्करी डॉक्टर त्याच वाटेनं जात होता. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमधले, म्हणजे आपल्या राणीच्या बागेतले, गिनीपिग प्लेगनं मेले तेव्हा त्यांच्या अंगावर त्याला उंदरांच्या पिसवा सापडल्या. १९०५ मध्ये प्लेगच्या तपासासाठी नवा आयोग आला आणि परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, त्याचं काम सुरू झालं.

त्यांनी आवारात सहा लहान गोदामं बांधली, दोन-दोनच्या तीन जोड्या. फरक मुख्यतः छपराचा. पहिल्या जोडीला साधी देशी कौलं, ज्यांच्या खाली उंदरांना घर करायला भरपूर जागा. दुसरीला मंगलोरी कौलं, तिथे उंदरांची सोय कमी. तिसरीला पत्रा, तिथे उंदीर राहूच शकत नव्हता. छपराखाली तारेची जाळी ठोकलेली. उंदीर खाली उतरू शकत नव्हता, पण त्याच्या पिसवा पडू शकत होत्या. खाली निरोगी गिनीपिग आणि त्यांच्यातच प्लेगची लागण केलेले काही.

कौलाच्या गोदामांत निरोगी गिनीपिग मरू लागले. पत्र्याच्या गोदामांत पिसवा नव्हत्या, आणि तिथे साथ पसरली नाही. इथे ती न झाडलेली जमीन महत्त्वाची ठरते. आजारी आणि निरोगी प्राणी एकमेकांना चिकटून राहत होते, एकाच मुताच्या, लेंड्यांच्या, पुवाच्या चिखलात लोळत होते, तेच बरबटलेलं अन्न खात होते. तरी निरोगी ते निरोगीच. मग त्याच गोदामात पिसवा सोडल्या की प्लेग सुरू.

पुढचा प्रयोग मला त्याहून सुंदर वाटतो. पिसवांनी भरलेल्या गोदामात गिनीपिगचे पिंजरे टांगले: एक जमिनीपासून दोन इंचांवर, एक दोन फुटांवर. दोन इंचांवरचा प्राणी प्लेगनं गेला. दोन फुटांवरचा वाचला. हवा दोघांची एकच होती. पिसू फार तर चारेक इंच उडी मारते, एवढाच काय तो फरक.

शहरात तर गिनीपिगचा सापळाच केला. प्लेगच्या घरांत त्यांना रात्रभर मोकळं सोडायचं आणि मग अंगावरच्या पिसवा वेचायच्या. त्यातले दहातले जवळपास तीन गिनीपिग पुढे प्लेगनं मेले. पाऱ्याच्या क्षाराच्या पाण्यानं धुऊन काढलेल्या खोल्यांतही पिसवा जिवंत होत्या. म्हणजे ज्या धुण्यापायी लोकांचे संसार रस्त्यावर आले, त्या धुण्यानं मूळ गुन्हेगाराला धक्काही लागला नव्हता. खेड्यातली माणसं उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या घालत, ते जास्त शहाणपणाचं होतं. चाळीतल्या गिरणी कामगाराला ‘घाणेरडा’ ठरवणारा सिद्धान्त या मुक्या प्राण्यांनी मोडला. त्यांना त्यात निवड नव्हती, हेही खरं.

आता आपला पिंजरा. परळचा निष्कर्ष प्लेगपुरता. घाण राहू द्या असं त्यातून निघत नाही. ओल्या भुशातून अमोनिया सुटतो आणि या प्राण्याची फुप्फुसं नाजूक असतात. पण धुण्याची पद्धत मात्र आपण अनेकदा जुन्या प्लेग अधिकाऱ्यांसारखीच वापरतो: सगळं बाहेर काढा, सगळं नवं घाला, उग्र वासाचं फिनेल फिरवा. गिनीपिगला घर ओळखू येतं ते वासानं. तो वास एका झटक्यात गेला की तो परक्या जागेत असतो, आणि वरून येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो.

म्हणून नवे आलेले असतील तर पहिले काही दिवस फक्त ओले कोपरे आणि उरलेला चारा काढा, रोज, त्याच वेळी, हळू बोलत. पूर्ण भुसा बदलायची वेळ आली की त्यांना पकडायला धावू नका. त्यांचं लपायचं खोकं पुढे सरकवा, ते स्वतःच आत शिरतील. मग खोक्याखाली हात देऊन दोघांना एकत्रच उचला. तळ कोमट पाण्यानं पुसा. मुताचा पांढरा थर धरला असेल तर थोडं व्हिनेगर, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. नव्या भुशात मूठभर जुना, कोरडा भुसा मिसळा. लपायची दोन खोकी असतील तर दोन्ही एकाच दिवशी धुऊ नका. परत सोडताना शिमला मिरचीचा तुकडा ठेवा. माणसाप्रमाणेच या प्राण्याच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते त्याला रोज खाण्यातून द्यावंच लागतं. नॉर्वेत १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी फक्त धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही झाल्याचं दाखवलं, ते यामुळेच.